चाकावरचा तळहात

ट्रक शेडसमोर येऊन उभा राहिला की मिस्त्री ड्रायव्हरकडे बघायचेच नाहीत. थेट पुढच्या चाकापाशी उकिडवे बसायचे, टायरवर तळहात टेकवायचे, तो सावकाश आत, ट्रकच्या पोटाकडे न्यायचे आणि तितक्याच सावकाश बाहेर आणायचे. तापलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवावा तसा. नजर मात्र भलतीकडे, समोरच्या हायवेवर. मग निकाल यायचा, आणि तो दोनच प्रकारचा असायचा. एक, "कायतरी हाय." दुसरा, नुसतं "ने."

"कायतरी हाय" म्हणजे गाडी इथेच राहणार. "ने" म्हणजे घेऊन जा, माझी हरकत नाही. याहून जास्त विचारायची सोय नव्हती. एखादा नवखा ड्रायव्हर काय झालंय म्हणून मागे लागलाच तर म्हणायचे, "टायरला इचार, मला कशाला इचारतंस?"

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. पनवेलजवळ कोन गावात सर्व्हिस रोडला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. तुम्ही त्या बाजूने कधी गेला असाल तर तिथले टॉवर पाहिले असतील. त्यातला एक मिस्त्रींच्या भावकीच्या भातशेतीवर उभा आहे, आणि त्यातच तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मुलांचा बांधकामाच्या सामानाचा धंदा, दारात दोन चारचाकी. बापाने ट्रकखाली झोपायची काही गरज उरली नव्हती, आणि मुलं तसं बोलूनही दाखवत. मिस्त्री सगळं ऐकून घेत आणि सकाळी नऊला लिफ्टने खाली येऊन ट्रकखाली शिरत.

काम फक्त पुढच्या अंगाचं. स्प्रिंगचे पाटे, चाक ज्याच्यावर वळतं तो किंगपिन, टायरॉड, स्टेअरिंग. इंजिनाला त्यांनी कधी हात लावला नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "इंजिन बंद पडला तं गाडी उभी ऱ्हाते. पुढचा गेला तं उभी ऱ्हात नाय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून ते डोक्यातून गेलं नाही. कारण आमचा ट्रक सासऱ्यांच्या वेळचा, सहा चाकी, आणि तो माझा नवरा विलास चालवतो. पनवेलहून पुण्याला माल नेतो, तिकडून भरलेला परत आणतो. मी खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. लोकांना वाटतं मी तिथे बसून फॉर्म तपासते. खरं म्हणजे मी घाट उतरणाऱ्या गाडीची वाट बघत असते. खोपोलीला पोचला की विलास मेसेज टाकतो, "उतरलो." एवढाच. तो येईपर्यंत मी फॉर्म घेऊन आलेल्या पोरांवर उगाच खेकसते, आणि जुनी पोरं नव्यांना सांगतात की मॅडमच्या फोनकडे बघून मग फॉर्म पुढे करायचा.

मिस्त्रींची आणि माझी गट्टी जमली ती याच भीतीवर. एकदा त्यांनी आमच्या गाडीचे किंगपिन बदलले होते. दुसऱ्या दिवशी ऐन घाटाच्या वेळी फोन वाजला. मला वाटलं विलास. पण पलीकडून मिस्त्री, "बाय, उतरला का तो?" गाडी चालवणाऱ्याला फोन करायचा नाही, म्हणून घरच्यांना करायचा, ही त्यांची रीत. हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या पहिल्या तीन फेऱ्या ते असे मोजत. आमच्या बाबतीत मात्र तीनाच्या तीस झाल्या. विलास म्हणायचा, एक घाबरट कमी होता म्हणून दुसरा जोडलास. मला मात्र बरं वाटायचं. एकट्याने घाबरण्यापेक्षा दोघांनी घाबरणं सोपं जातं.

मला वाटे, या माणसाच्या मागे काहीतरी घडलेलं असणार. एखादी गाडी, एखादा ड्रायव्हर. एकदा धीर करून विचारलंच की त्यांच्या हातची गाडी कधी अपघातात गेली का. त्यांनी चिंधीला हात पुसले.

"नाय. चालीस वर्सांत एक नाय," ते म्हणाले. मग चिंधी खांद्यावर टाकून, "म्हनून तं भीती वाटते."

मी तेव्हा हसले होते.

मग त्यांचं "ने" हळूहळू कमी होत गेलं. प्रत्येक गाडीला "कायतरी हाय." चार दिवसांपूर्वी सोडलेली गाडी नुसती हवा भरायला आली तरी "कायतरी हाय." आधी सगळ्यांनी चेष्टा केली, मग कंटाळले, मग दुसरीकडे जायला लागले. शेडसमोर जिथे गाड्यांची रांग असायची तिथे टॉवरवाले स्कूटर लावू लागले. विलासचंही डोकं फिरलं. सहा महिन्यांत तीनदा गाडी अडकवून ठेवली आणि सापडलं काहीच नाही. शेवटी तो कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करून घेऊन आला. सोबत एक कागद, त्यावर सगळे आकडे हिरवे. तो कागद त्याने माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "हे बघ. आता झोप शांत."

झोपले असते. पण जेवताना तो सहज बोलून गेला की ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे जाते, रस्त्याचा उतारच तसा आहे. त्या "किंचित"ने माझी झोप गेली. घाटात डावीकडे काय असतं ते मला माहीत आहे.

मी हे मिस्त्रींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी गाडी आन. तू पन ये. तुज्याशी काम हाय."

सोमवारी पुण्याचा माल ठरलेला होता. विलास कुरकुरत आला. मिस्त्रींनी त्याला आल्या आल्या चहा आणायला नाक्यावर पिटाळलं, आणि तो दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे वळले.

"माजा हात गेला, बाय."

मला कळेना, कारण हात तर जागेवर होता. त्यांनी तो उलटा करून दाखवला. तळव्यावर भाजल्याचा लांबट डाग होता. तापलेल्या सायलेन्सरला हात लागला होता, आणि ते त्यांना कळलं नव्हतं. कातडीचा वास आल्यावर कळलं. साखरेचा आजार जुना. आधी पाय बधिर झाले, मग बोटं, मग तळवा. दीड वर्ष टायरला हात लावला काय नि भिंतीला लावला काय, सारखंच.

"सगल्या गाड्यांना कायतरी हाय म्हनत होतो," ते म्हणाले. "खोटा नव्हतो बोलत. हाय का नाय, तेच कलत नव्हता. आनि 'ने' बोललो, आनि काय झाला, तं?"

मला त्यांचा राग आला. खरंच आला. दीड वर्ष मी या माणसाच्या हातावर भरवसा ठेवून घाटाची वाट बघत होते, आणि त्या हाताला काही कळतच नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि राग टिकला नाही. माझ्याइतकाच घाबरलेला माणूस होता तो. फक्त स्वतःच्या हाताबद्दल फोन करून विचारायला त्याला कोणी नव्हतं.

"तुजा हात दे," ते म्हणाले.

मी म्हटलं, विलास येईल की आत्ता. त्यांनी मान हलवली. "त्याच्या हाताला घट्टे हायेत, स्टेअरिंगचे. तू पीठ चिमटीत धरून सांगतेस ना, जाडा का बारीक? तो हात पायजे मला."

मी ओढणी कमरेला खोचली आणि डाव्या चाकापाशी बसले. रबर गरम होतं, आणि हात लावताक्षणी काळा झाला. मिस्त्री शेजारी बसले, नजर नेहमीसारखी हायवेवर. आत ने म्हणाले, नेला. काही नाही, गुळगुळीत. बाहेर आण म्हणाले, आणला, आणि तळव्याला बारीक करवतीसारखं काहीतरी लागलं. मग उजवं चाक. तिथे उलटं. आत जाताना लागत होतं, बाहेर येताना नाही. त्यांनी मला तीनदा करायला लावलं आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं.

"म्हंजे दोनी एकाच अंगाला," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जुने मिस्त्री ऐकू आले.

त्यांनी समजावलं ते असं. चाकांची आपसातली दिशा चुकली असती तर दोन्ही टायर एकसारखे लागले असते, दोन्ही आत जाताना किंवा दोन्ही बाहेर येताना. इथे मात्र डाव्या चाकावर बाहेर, उजव्यावर आत, म्हणजे हात डावीकडे सरकला की दोन्ही लागत होते. म्हणजे चाकांचं भांडण नाही. ती ज्याच्यावर बसलीत तो एक्सलच तिरका झालाय. कॉम्प्युटरने चाकं एकमेकांशी जुळवून दिली होती, तेवढंच त्याला सांगितलं होतं.

मग त्यांनी सुतळीचा गुंडा काढला. पुढच्या चाकाच्या मधोमध एक टोक, मागच्या चाकाच्या मधोमध दुसरं. गाठ मला मारायला लावली. तीच सुतळी दुसऱ्या बाजूला धरली, तर डावी बाजू चांगली दीड बोट कमी भरली. विलास चहा घेऊन आला तेव्हा त्याची बायको आणि मिस्त्री ट्रकच्या दोन टोकांना जमिनीवर बसले होते. तो काही बोलणार होता, पण सुतळी बघून त्याने चहा खाली ठेवला.

डावा पाटा खोलला. पाट्यांच्या मधून एक बोल्ट जातो, एक्सलला जागेवर धरून ठेवणारा. तो दोन तुकड्यांत निघाला. मिस्त्रींनी एक तुकडा उजेडात धरून मला दाखवला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गंजून तपकिरी झाला होता, आणि कडेची एक कोर चकचकीत होती. गंजलेलं कधीचं तुटलेलं, चकचकीत आत्ताचं. कित्येक महिने तो त्या कोरेवर टिकला होता, आणि ती तुटल्यावर प्रत्येक ब्रेकला एक्सल थोडा थोडा मागे सरकत होता.

विलास जवळच्या जुन्या टायरवर बसला आणि गार झालेला चहा प्यायला. मला त्याचे सगळे "उतरलो" आठवत होते.

संध्याकाळपर्यंत नवा बोल्ट, पाटे एक्सलला आवळून धरणारे नवे यू-बोल्ट, पुढे नवी टायरची जोडी. सुतळी दोन्हीकडे सारखी भरली. विलासने सर्व्हिस रोडवर गाडी पळवून करकचून ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. आम्ही दोघं मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे बघत होते.

"तू सांग, बाय," ते म्हणाले.

मी "ने" म्हटलं.

त्यानंतर मिस्त्रींनी दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावला नाही. येणाऱ्या ड्रायव्हरांना ते स्वतःच सांगत, हात गेला, दुसरीकडे जा. पण दर रविवारी मी आमच्या चाकांवरून तळहात फिरवायचे आणि त्यांना फोन लावायचे.

"गुळगुळीत, मिस्त्री."

"दोनी?"

"दोन्ही."

"मग ने."

आता ते जोरात म्हणायचे. माझ्या हातावर त्यांचा जितका विश्वास होता तितका माझा स्वतःचा नाही.

तीन महिन्यांपूर्वी ते झोपेतच गेले. शेडच्या जागी पार्किंगचे पिवळे पट्टे आलेत. मुलाने सामान भंगारात दिलं, सुतळीचा गुंडा मात्र मला आणून दिला. बाबांनी सांगून ठेवलं होतं म्हणाला.

परवा रविवारी विलास केबिनमध्ये बसला होता, इंजिन चालू. मी चाकांवरून हात फिरवला. डावं गुळगुळीत, उजवं गुळगुळीत. सवयीने फोन काढला आणि त्यांच्या नंबरपर्यंत गेले. मग लक्षात आलं.

विलास खिडकीतून बघत होता. हसला असता एरवी. "बोल ना," तो हळूच म्हणाला.

एकच अक्षर आहे, पण तोंडातून निघेना. विलासने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि शेजारी उभा राहिला. मी परत डाव्या चाकापासून सुरुवात केली.