आत्याबाईंची मान

आमचे हे, अंबादास मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. जन्मभर पोरांकडून सुरई आणि केळी काढून घेतली, पण स्वतःचं एक चित्र कुणाच्या भिंतीवर लागलं नाही, ही खंत राहिली. आमच्या भिंतीवर देव आहेत, तिथं जागा नाही.

त्यामुळं शिवाजी पेठेतल्या ह्यांच्या बाळाबाई आत्या, "माज्या पंचाहत्तरीला माजं चित्र काढ, भायेरच्या सोप्यात लावीन, येनारा-जानारा बघंल," म्हणाल्या तेव्हा ह्यांना झोप येईना.

चित्र झालं. हुबेहूब. आत्याबाईंनी बघितलं आणि कडाडल्या, "सासूनं गळ्यात घातलेला साज कुटं हाय? निम्मा हनुवटीनं गिळलाय की!"

"आत्या, ही इटलीतल्या जुन्या चित्रकारांची रीत, रेनेसाँ. सगळं मापात. उजेड एका बाजूनं, चेहरा शांत. आहे तसं काढायचं."

"हाय तसं आरशात दिसतंय की रं लेका, फुकट. न्हे परत."

हे न जेवता पडून राहिले. वाती वळता वळता मी विचारलं, "त्या इटलीवाल्यांत दुसरी रीत नव्हती का?"

हे उठून बसले. "मॅनरिझम! गुरूंनी सगळं मापात काढून ठेवलं, मग शिष्यांनी करायचं काय? त्यांनी माना लांबवल्या, बोटं लांबवली, कंबरा पिळल्या. रंगसुद्धा आंबटचिंबट."

"कळलं. आमच्या भजनी मंडळात आरती संपली तरी वल्लरीताई शेवटचा सूर ताणतच राहतात, तसं."

"पण लोक थांबतात ना?"

"थांबतात. प्रसाद त्यांच्याच हातात असतो."

"मग मीही ताणतो."

ताणलं, ते असं की मान थेट सुरईसारखी, बोटं पडवळासारखी आणि डाळिंबी लुगडं पिस्त्याच्या रंगाचं. मी वाडीच्या दत्ताला म्हटलं, दर्शनाला येते, पण आत्याबाईंचा हात ह्यांच्या पाठीत पडू देऊ नको.

आत्याबाईंनी चित्राला नाक लावून बघितलं. मग मला म्हणाल्या, "नंदिनी, साजाची पानं मोज गं. समदी हाईत!" पुन्हा वाकून बघितलं. "बोटं लय लांब झाली."

ह्यांचा चेहरा उतरला.

"आनि दोन अंगठ्या बसतील की. घाल."

पंचाहत्तरीला चित्र सोप्यात लागलं. जो येईल तो विचारी, "ही कुनाकडची पावनी?"

"मीच हाय," म्हणत आत्याबाई चित्राखाली दिवसभर मान उंच करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मान धरली. मी तेल चोळायला गेले, हे वाटी धरून उभे. मी भीत भीत म्हटलं, "आत्याबाई, चित्र उतरवून ठेवूया का?"

"गप बस. दुखनं उतरंल. चित्र न्हाय उतरायचं."

हे इतके हसले की निम्मं तेल माझ्या पदरावर.