बारा पावलांची छाटणी

वसाहतीच्या बागेतल्या माळ्याला सगळे पावलेकाका म्हणत. फांदी कापली की ते बारा पावलं मागे जात, पाठ फाटकाला टेकली की थांबत, डोळे बारीक करून झाड न्याहाळत आणि मगच पुढच्या फांदीला कात्री लावत. फाटकासमोरचं फुलझाड त्यांनी वीस वर्षं असं राखलं होतं, की ना ते कुणाच्या खिडकीआड आलं, ना कधी बोडकं दिसलं. काकूंच्या मते एवढा जीव त्यांनी पोटच्या पोरींनाही लावला नव्हता. काकांनी हे कधी नाकारलंही नाही.

नवे सेक्रेटरी मात्र फार हुशार निघाले. दोन दिवस गच्चीतून नजर ठेवून त्यांनी वसाहतीवर चाललेला घोर अन्याय शोधून काढला.

"काका, तुम्ही कापता कमी आणि फिरता जास्त!"

"साहेब, लांबून बघितल्याशिवाय कुठे कापायचं ते कळणार कसं?"

"मग टेप कशाला असते? उद्यान स्पर्धा तोंडावर आलीय. सगळी झाडं पाच फुटांवर एका रेषेत घ्या."

"बाकीची घेतो. याला हात नको. याची कळी जुन्या फांदीलाच धरते. आत्ता शेंडे उडवलेत तर यंदा फूल विसरा."

माळ्याकडून ज्ञान घ्यायला सेक्रेटरी काही रिकामटेकडे नव्हते. शनिवारी त्यांनी स्वतः विजेची करवत आणली, टेप लावली आणि तासाभरात त्या झाडाचं स्टूल करून दाखवलं. खाली कळ्यांचा खच पडला. काकांनी केर टोपलीत भरला.

परीक्षक आले. त्यांनी रेषा बघितली, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, "फुलझाडं कुठल्या बाजूला आहेत?" मग दया येऊन त्यांनी आठवडाभराची मुदत दिली.

ते जाताच सेक्रेटरी काकांकडे धावले. आवाजात एकदम साखर आली होती.

"काका, झालं गेलं सोडा. तुमच्या हातात जादू आहे हो! आठवड्यात फुलं येतील असं काहीतरी छाटा."

काकांनी कात्री झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि ते एकेक पाऊल मागे जाऊ लागले.

"बघा, बघा! हवं तेवढं लांबून बघा. आता कोण काय म्हणणार आहे तुम्हाला?"

बारा पावलं झाली. पाठ फाटकाला टेकली. काकांनी झाड एकदा डोळे भरून बघितलं, हात मागे नेऊन कडी काढली, आणखी एक पाऊल टाकलं आणि बाहेरून फाटक लावून घेतलं.