सगळ्यांना पाठ असलेली साक्ष

गाडी चालवायला शिकवणाऱ्या या गृहस्थांना चर्चमध्ये सगळे शिबिरदादा म्हणत. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी तरुणांच्या उन्हाळी शिबिराला दादा हजर. वयाची अट आडवी आली की ते स्वतःसाठी नवं पद काढत. गेल्या वर्षी ते तंबूप्रमुख होते आणि तंबू त्यांच्याच अंगावर पडला. एरवी रविवारच्या उपासनेत पेंगणारा हा माणूस तिथे पहाटे उठून टाळ्या वाजवत गायचा.

"देव तुम्हाला तंबूतच बरा भेटतो?" बायको विचारायची.

"तिथे हवा मोकळी असते," दादा म्हणायचे.

शेवटच्या संध्याकाळी शेकोटीभोवती साक्ष देतात, म्हणजे देव आपल्याला कसा भेटला ते उभं राहून सांगतात. दादांची साक्ष एकच. लहानपणी याच शिबिरात तळ्यात पडलो, बुडायला लागलो, आणि तेवढ्यात प्रभूने हात दिला. दरवर्षी तळं थोडं खोल व्हायचं. पोरांना ती इतकी पाठ की दादा "तेवढ्यात" म्हणाले की मागून "हात!" असा एकच गजर. दादांना वाटे, पोरं भारावली.

यंदा त्यांची मुलगी शिबिराच्या वयाची झाली. दादांनी हौसेने दोन बॅगा भरायला घेतल्या.

"पप्पा, तुम्ही येऊ नका ना."

"का गं? मी काय केलं?"

"काही नाही. पण तुम्ही असलात की मी नुसती तुमची मुलगी असते. मला तिथे माझं काहीतरी मिळू दे."

दादा फुरंगटून चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दादा, तंबू आता पोरं उभारतात हो."

मुलगी एकटीच शिबिराला गेली. तो आठवडा दादांच्या शिकाऊ मंडळींना जड गेला. शिकवायच्या गाडीत दादांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो त्यांनी इतका दाबला की एक बाई रडत उतरून चालत घरी गेल्या. दादांची खरी भीती वेगळीच होती. लहानपणी त्यांच्यासारख्या घुम्या, एकट्या पोराला त्या शिबिराने माणसात आणलं होतं. तिथेच आपली गरज उरली नाही, तर आपण कुठले? रविवारी ते पहिल्या बाकावर जाऊन बसले. देव काही बोलला नाही, पण डुलकीही लागली नाही.

परतीची बस आली तेव्हा दादा धावतच निघाले. मुलगी उतरली, ती मैत्रिणींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. आवाज पार बसलेला. आईबापांकडे तिचं लक्षही नव्हतं. बायको हाक मारणार, तोच दादांनी तिचा हात धरला.

"थांब. तिचं शिबिर अजून संपलेलं नाही."

"मग तुम्ही का रडताय?"

"अगं, माझं संपलं ना."