मिंडेलोत आम्ही मोठ्याने बोललो

आमच्या घरात एक नियम आहे, कुणी कधी न सांगितलेला: महत्त्वाचं काहीही लोकांत बोलायचं नाही. अबुधाबीत आम्ही राहतो त्या इमारतीत बाबांच्या ऑफिसातली बरीच कुटुंबं आहेत. लिफ्टमध्ये मराठी किंवा निदान हिंदी कळणारं कुणीतरी असतंच. लिफ्टचं दार उघडलं आणि आत माणूस दिसला की आई वाक्य असेल तिथे सोडते आणि आमच्या मजल्यावर उतरल्यावर पुढच्या शब्दापासून परत सुरू करते. इंग्रजी तर सगळ्यांनाच कळतं. मग उरते गाडी. माझी शाळा बदलणं, आजोबांचं आजारपण, बाबांची हुकलेली बढती, हे सगळं अल ऐनच्या रस्त्यावर, काचा बंद करून, एकमेकांकडे न बघता बोललं गेलं. मी मागच्या सीटवर असायचे. कुणी विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायचे, तेही एका वाक्यात.

मी आवाजाचं काम करते. जुनी ध्वनिमुद्रणं साफ करायची, खरखर काढायची, पण गाणाऱ्याचा श्वास जाऊ द्यायचा नाही. कानांवर हेडफोन असला की कुणी आपल्याशी बोलत नाही, हेही मला त्या कामात आवडतं. अबुधाबीत मोती काढणाऱ्या होड्यांवरच्या जुन्या गाण्यांचं एक काम मला मिळालं होतं. ते संपलं आणि त्याच ओळखीतून एक ईमेल आली. आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिकमध्ये केप व्हर्दे नावाची बेटं आहेत. त्यातलं साओ विसेंत हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आणि मिंडेलो हे त्याचं बंदर. तिथल्या एका लहानशा संग्रहालयात खलाशांच्या गाण्यांच्या टेप खाऱ्या हवेने खराब होत होत्या. येऊन बघा, जमेल असं वाटलं तर वर्षभर राहा, असं त्यांनी लिहिलं होतं.

वर्षभर हा शब्द आमच्याकडे साधा नव्हता. माझा जन्म अबुधाबीचा, पण माझा तिथला व्हिसा बाबांच्या नावावर. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की तो संपतो. आणि पुढच्या वर्षी बाबा रिटायर होणार होते. मग त्यांचाही व्हिसा संपणार, आई-बाबा पुण्याच्या फ्लॅटवर जाणार. म्हणजे मी गेले तर परत येण्यासारखं घर तिथे उरणार नव्हतं.

मी बाबांना ईमेल दाखवली. ते म्हणाले, "बघू."

आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही. ऑफिसातल्या लोकांना बाबा "इन्शाल्ला" म्हणतात, तेव्हाही नाहीच म्हणायचं असतं. पण या वेळी दोन दिवसांनी ते म्हणाले, "मीपण येतो. रजा आहे शिल्लक."

कासाब्लांकामार्गे आधी प्राया आणि तिथून लहान विमानाने आम्ही साओ विसेंतला पोचलो. विमानतळाबाहेर वारा असा की बाबांनी टोपी हातात धरली. चहूकडे तपकिरी डोंगर, झाडाचं नाव नाही.

"हे तर फुजैरा आहे," बाबा म्हणाले. "एवढं लांब येऊन फुजैरा." फुजैरा म्हणजे अमिरातीतलाच उघड्या डोंगरांचा भाग.

त्यांना एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे नळाचं पाणी. ते जन्मभर समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पांवर काम करत आले आहेत. इथेही पाणी समुद्रातूनच येतं. हॉटेलात पहिला घोट घेऊन त्यांनी ग्लास उजेडात धरला. "चांगलं ठेवलंय प्लांट," ते म्हणाले आणि ग्लास रिकामा केला.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई पन्नाशीच्या होत्या, आखूड केसांच्या, भरभर चालणाऱ्या. त्यांनी आम्हाला बंदर दाखवलं. अर्धं बुडालेलं ज्वालामुखीचं तोंड म्हणजेच तो गोल उपसागर. पूर्वी इंग्रजांच्या आगबोटी तिथे कोळसा भरायला थांबत, आणि जे खलाशी थांबत त्यांची गाणी गावात राहून जात. मग त्यांनी मला टेपांची खोली दाखवली. मोठ्या चकत्यांच्या टेप, काही एकमेकींना चिकटलेल्या. अशा टेप वाजवण्याआधी मंद उष्णतेवर तासन्‌तास ठेवाव्या लागतात, हे मी बाबांना सांगितलं.

"ओव्हनमध्ये?" बाबा म्हणाले. "नानकटाया आहेत का?"

मी हसले नाही. ते मला डिवचायला म्हणाले की सहज, हे मला कळेना. बाईंनी निघताना सांगितलं की शुक्रवारी आमचं विमान आहे, त्याआधी उत्तर हवं, कारण दुसरी एक उमेदवार वाट बघते आहे.

त्यानंतर तीन दिवस बाबा माझ्या चार पावलं मागे चालत राहिले. जेवायला समोरासमोर बसलो की ते मेन्यूवरच्या किमती आधी दिरहममध्ये, मग रुपयांत मोठ्याने करायचे. रात्री आईचा फोन यायचा. "जेवलात का? काय जेवलात? ठरलं का काही?" बाबा म्हणायचे, "वारा फार आहे." एका संध्याकाळी चौकाजवळच्या खाणावळीत एक बाई गायली. खुर्चीत बसूनच, हात मांडीवर ठेवून, शेजारी गिटारवाला. लोकांनी काटे-चमचे खाली ठेवले. बाबा गाणं संपेपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "ही तुझ्या वयाची असताना बापाने हिला गाऊ दिलं असेल?" मला उत्तर द्यायचं होतं, पण बाबा प्रश्न मला विचारत होते की त्या बाईच्या बापाला, ते समजलं नाही. मी पाणी प्यायले.

गुरुवारी बाबा म्हणाले, "आलोच आहोत तर समोरचं बेट बघून येऊ." समोर सांतो आंताव, तासाभराचा बोटीचा प्रवास. बोट सुटताच एक माणूस बाकांमधून उलटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या वाटत गेला. बाबांनी त्याला हात केला, नको. "आम्ही समुद्रावरच काम करतो," ते मला म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणे ते समुद्राकाठी, एसी केबिनमध्ये काम करतात.

बंदराबाहेर पडल्यावर बोट डोलायला लागली. मी तीन दिवस मनात घोळवलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं, की उद्या त्या बाई उत्तर मागणार आहेत. समोरच्या बाकावरच्या माणसाने वर पाहिलं.

"मराठीत बोल," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "इथे इंग्रजी कळतं लोकांना."

"उद्या उत्तर द्यायचंय."

"मग दे की."

"काय देऊ?"

"मला काय विचारतेस? मला विचारून अर्ज केलास का?"

"मी अर्ज नाही केला. त्यांनीच बोलावलं. आणि तुम्ही बरोबर आलात, बाबा."

"मग नको होतं का यायला?"

हे ते चांगलंच मोठ्याने म्हणाले. सवयीने आम्ही दोघांनीही आजूबाजूला पाहिलं. कुणीही मान वळवली नव्हती. एक बाई संत्रं सोलत होती, कुणी डोळे मिटून बसलं होतं. बोटभर माणसं, आणि आमचा एक शब्द कळणारं कुणी नाही. बाबांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी खांदे मोकळे केले आणि मी कधी न ऐकलेल्या आवाजात सुरुवात केली.

"एक वर्ष. ठीक आहे, कर एक वर्ष. पुढे? परत कुठे येशील ते सांग मला. व्हिसा गेला, मी रिटायर, घर सोडलेलं. कुठे येशील?"

"पुण्याला."

"पुण्याला! पुण्यात रिक्षात एकटी बसत नाहीस तू. दहा दिवस झाले की सुरू होतं, 'बाबा, व्हेन आर वी गोइंग होम?'"

हे खरं होतं, त्यामुळे जास्त लागलं. पण मला भांडता येईना. माझी मराठी जेवणाची, तब्येतीची, पाहुण्यांसमोर नमस्कार करण्याची. भांडणाचे शब्द मी कधी वापरलेच नव्हते. इंग्रजीत बोलले असते तर सगळ्या बोटीला कळलं असतं.

"तुम्ही मला सारखं... सारखं असं..."

"काय सारखं? बोल ना. बोल!"

"ते घर माझं कधी होतं?" मी ओरडले. "मी तिथे जन्मले, आणि तिथे मी कोण? तुमची डिपेंडंट. तुम्ही रिटायर झालात की मीपण रिटायर. चोविसाव्या वर्षी! मी इथे आले नाही तरी पुढच्या वर्षी ते जाणारच आहे, बाबा. तुम्ही माझ्यासाठी काय वाचवताय? जे जाणारच आहे ते?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बोट खाली गेली. त्यांनी माझा हात घट्ट पकडला. मी माझी पिशवी त्यांच्यापुढे धरली आणि पुढचा अर्धा तास ती धरूनच होते.

संत्र्याची साल चिमटीत दाबून ती बाई बाबांच्या नाकाशी धरायला उठून आली. मग माझ्याकडे वळली आणि बोट नाचवून मला तिच्या भाषेत बोलायला लागली. खूप वेळ बोलली. मागच्या बाकावरच्या दोघींनी माना हलवून तिला दुजोरा दिला.

"काय म्हणतेय?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"मला रागावतेय."

"बरोबर रागावतेय."

पलीकडच्या बंदरात आम्ही डोंगर बघायला गेलोच नाही. धक्क्यावर सावलीत बसलो. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "माझ्या व्हिसावर कुणाचं नाव आहे, माहितेय ना?"

"कंपनीचं."

"तेच म्हणतोय. तू पहिली नाहीस." त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. "मी अबुधाबीला गेलो तेव्हा मला वाटलं होतं, दोन वर्षं करू आणि परत येऊ. माझ्या वडिलांना मी तसंच सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय मग. तुझं लग्न करायची वेळ आली." बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "परत त्या बोटीत मी बसत नाही. पोहत येतो."

बसले. दुसरा इलाज नव्हता. येताना त्यांनी पिशव्या वाटणाऱ्याकडून दोन मागून घेतल्या. मला त्यांच्या मनातलं तसूभरही कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी सामान हॉटेलात ठेवून आम्ही संग्रहालयात गेलो. वाऱ्याने खिडक्यांच्या झडपा वाजत होत्या. बाईंनी सरळच विचारलं, "ठरलं?" मी खाली बघत राहिले. उत्तर तयार होतं, पण शेजारी बाबा बसले होते आणि ते ऐकणार होते. बाईंनी बाबांकडे पाहिलं. "आणि तुम्ही, सर? तुमचं काय मत?"

मला वाटलं, आता ते "बघू"चं इंग्रजी करतील.

"तिला विचारा," बाबा म्हणाले. "तिला वेळ लागतो."

मी हो म्हटलं. बाईंना झडपांच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. त्या पुढे झुकल्या.

"मोठ्याने सांग," बाबा मराठीत म्हणाले. आवाजात माया नव्हती, चीड होती. मी पुन्हा सांगितलं. ते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

अबुधाबीला परत आल्यावर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. आई दोघांच्या मधे निरोप्या होऊन कंटाळली. "किती दिवस तोंडं फुगवून बसणार आहात? मी काय केलंय?" माझी निघायची तारीख जवळ आली, तशी एका संध्याकाळी जेवणाची ताटं उचलल्यावर बाबा मोबाइल घेऊन टेबलाशी बसले. सरकारच्या ॲपवर त्यांच्या नावाखाली आईचा आणि माझा, दोघींचे फोटो होते.

"कॅन्सल करायचा?" आई म्हणाली. "अहो, राहू दे की. सहा महिने चालतो ना? नाही आवडलं तिला तर?"

"अर्धवट ठेवायचं नाही. उद्या कुठे दुसऱ्या व्हिसाला अडचण यायला नको," बाबा म्हणाले. पण बोट स्क्रीनपासून लांबच ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "राहू देऊ? तू सांग."

राहू द्या, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. सहा महिने तर होते. त्या सहा महिन्यांत कधीही विमानात बसून मी या टेबलाशी येऊ शकले असते, माझ्या खोलीत झोपू शकले असते. आई माझ्याकडे बघत होती, तिला हेच हवं होतं. आणि हेही मला दिसत होतं की व्हिसा जिवंत राहिला, तर एखादा वाईट आठवडा आला की मी तिकडची टेप अर्ध्यात सोडून तिकीट शोधायला लागेन.

"नको," मी म्हणाले. "करा कॅन्सल."

बाबांनी चष्मा वर सरकवून स्क्रीनवरचं सगळं नीट वाचलं. करार वाचतात तसं, बारीक अक्षरांसकट. मग बटण दाबलं. मोबाइलवर नंबर आला, तो त्यांनी टाकला. पान थोडा वेळ फिरत राहिलं आणि उघडलं तेव्हा तिथे आईचा एकच फोटो होता. त्यांनी अंगठ्याने पान खाली ओढलं, वर केलं, परत खाली ओढलं.

"मला पण काढून टाका त्यातून," आई म्हणाली. "सुटेन एकदाची."

"तुझं अजून वर्ष आहे," बाबा म्हणाले. मग मोबाइल उलटा ठेवून मला विचारलं, "तिथे दही मिळतं का, ते विचारलंस त्या बाईला?"

"नाही विचारलं."

"मग विचार. आणि मिळत नसेल तर विरजण इथून घेऊन जा."