कुंपणावरची रिकामी जाळी

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. आम्ही जैन शेतकरी, त्यात सासरे व्रतस्थ. अंधारात अन्नात जीव पडू नये म्हणून ही रीत. चातुर्मासात तर दिवासुद्धा लावत नसू, पाखरं येऊन जळतात म्हणून. रीत चांगलीच होती, पण तिच्यामुळे संध्याकाळ फार लांबायची. भांडी घासून पालथी घातली की पुढे करायचं काय? लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा तापाने गेला होता. सासू त्याच्याही आधी गेलेली. बोरगावजवळ दूधगंगेच्या काठावरच्या त्या घरात मी आणि सासरे, दोघंच. त्यांना मी मामा म्हणायची. ते सोप्यात जप करत बसत आणि मला बोलायला भिंती होत्या.

म्हणून मी नदीवर जाऊन बसायची. तिथे करंजाची झुडपं पाण्यावर वाकलेली होती आणि त्यांच्या फांद्यांत कोळ्यांनी जाळी विणलेली असायची, तीही पाण्याच्या अंगालाच जास्त. आधी वाटलं, यांना वारा आवडत असेल. मग एका सांजेला नीट पाहिलं. नदीच्या आतूनच इवलीशी पांढुरकी पाखरं वर येत होती. पाण्यावरच कात टाकायची, पंख पसरायची आणि उडायची ती थेट जाळ्यात. काही निसटायची. चिखलात मरून पडलेल्यांना मुंग्या ओढून न्यायच्या. नदी रोज सांजेला एवढ्यांना वाढत होती आणि आमची चूल केव्हाच विझलेली असायची. मला त्या पंगतीचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

एकदा मामा मला शोधत काठावर आले. जाळ्यात फडफडणारी पाखरं बघून त्यांचा चेहरा उतरला. रागावले की ते कानडीत बोलत. त्या दिवशी मराठीतच बोलले, म्हणजे राग नव्हता, जिवाला लागलं होतं.

"आपल्या दारात एवढी हिंसा, आन् तू बघत बसलीयास व्हय गं?"

"मी काय करू, मामा? त्यांचं जेवणच हाय ते."

"मारायचं कुणालाच न्हाय. कोळी उचल आन् वरच्या माळावर सोडून ये. तेबी जगतील, ही पाखरंबी जगतील."

मामांपुढे बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानावर एकेक कोळी घेऊन मी माळावर खेपा घातल्या आणि शेराच्या झुडपांच्या कुंपणावर त्यांना सोडलं. मनातून चरफडत होते. माझी होती नव्हती ती सोबतही गेली.

त्याच सुमाराला मामांनी माझंही ठरवून टाकलं. म्हणाले, "तुझं वय लहान हाय. म्हाताऱ्याजवळ किती दिस कुढत बसशील? भावाला सांगावा धाडलाय. म्हायेरी चार माणसं हैत." त्यांचे डोळे भरले होते, नाहीतर मी भांडले असते. माहेर निपाणीच्या पलीकडे, कोरड्या माळावर. आईवडील नव्हते. भावजयीच्या भरल्या घरात विधवा नणंदेने सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि सणासुदीला आतल्या खोलीत बसायचं, हे मी दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं. इथे मी एकटी होते, पण चूल माझी होती. मला जायचं नव्हतं आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हतं.

भाऊ यायचा त्या दिवशी सकाळी मी माळावर शेणी आणायला गेले. पाऊस सरून गवत करपलं होतं. कुंपणावर जाळी होती, छान विणलेली, पण सगळी रिकामी. नुसती धूळ आणि भुसा. पाय पोटाशी घेऊन कोळी वाळून गेले होते. मी शेणी तिथेच टाकल्या आणि पोटभर रडले. मग त्यातला एक पानावर घेऊन घरी आले आणि पान मामांच्या पुढे धरलं.

"ह्याला कुणी मारलं न्हाय, मामा."

ते वाकून बघत राहिले. "खायाला मिळालं न्हाय व्हय?"

"नदी कुठं हाय तिथं?" मी म्हणाले, आणि मग आवाज आवरेना. "मलाबी तसंच माळावर धाडाय लागलाय तुमी. मला न्हाय जायचं."

मामांनी पान माझ्या हातातून घेतलं. ते तसंच धरून सोप्यात बसले.

दुपारी भावाची बैलगाडी आली. मामांनी दिवस होता तोवर त्याला जेवू घातलं, आणि हात धुवायला पाणी देताना म्हणाले, "पोर हितंच ऱ्हाईल, पाव्हणं. माझंच चुकलं." भावाने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी जुंपली.

सांजेला मी काठावर गेले. करंजावर नवे कोळी आले होते. मागून काठीचा आवाज आला. मामा माझ्यापासून थोड्या अंतरावर एका दगडावर बसले. पाण्यातून पाखरं वर यायला लागली. पहिलं पाखरू जाळ्यात अडकलं तेव्हा मामांनी डोळे गच्च मिटून घेतले. पण उठून गेले नाहीत.