त्रिशलाचा नियम

मदन मगदूम हा मिरजेजवळचा द्राक्षबागायतदार. जंगली खुंटावर त्यानं भरलेलं कलम सहसा वाया जायचं नाही. या गोष्टीचा त्याला माज होता आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही. पण बायकोला, त्रिशलाला अल्झायमर झाला आणि सगळा माज उतरला. आधी ती चहात साखर घालायची विसरली, मग लेकाचं नाव. एका सकाळी नवऱ्यालाच म्हणाली, "कुणाकडं आलायसा तुमी?"

गेल्या वर्षी पुतणी प्रीती पुण्याहून आली. ती पेशींवर संशोधन करते. काकानं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की मूळ पेशींच्या जनुकात बदल करून त्या मेंदूत सोडायच्या, मग तिथं साचलेला गाळ त्या साफ करतात. प्रयोगशाळेतल्या विसरभोळ्या उंदरांना त्यामुळं पुन्हा वाट आठवायला लागली होती.

"म्हंजे कलमच की गं हे!" मदन ताडकन उठला. "मग काकूला कवा भरायचं?"

"काका, अजून उंदरांवरच चाललंय," प्रीती म्हणाली. पण मदननं मनाशी धरायचं ते धरलं होतं.

त्रिशला बरी होणारच, मग बरी झाल्यावर ती पहिलं काय विचारेल? आपला नियम पाळला गेला का, हेच. लग्नाच्याच वर्षी, चातुर्मासात गावात आलेल्या जैन महाराजांकडून तिनं दिवस मावळल्यावर न जेवण्याचा नियम घेतला होता. बाळंतपणातही तो मोडला नव्हता. आता ती उजेडात पोटभर जेवायची आणि जेवलेलं विसरून जायची. दिवेलागणीला भूक भूक करत रडायची. "उपाशी मारत्यात मला हितं!" असं शेजारच्या मनुबाईला ओरडून सांगायची. मदन दाराला कडी घालून बसायचा. "बरी झालीस की तूच मला शिव्या देशील," असं तिला समजवायचा आणि स्वतःच रडायचा. मनुबाई त्याला कसाई म्हणाली. खोटं कशाला बोला, दिसतही तो तसाच होता.

यंदा दिवाळीला प्रीती आली, तर काकानं त्रिशलाची बॅग भरून दारात ठेवलेली.

"तुझ्या सायबाला सांग, पायजे तिथं सही करतो. काय व्हईल ते हुंदे. उंदरापेक्षा माझी बायको कमी हाय व्हय?" असं म्हणत तो पुतणीचे पाय धरायला वाकला.

प्रीतीनं त्याचे हात वरच्यावर धरले. "काका, माणसापत्तोर यायला लय वर्षं लागतील. येईल का न्हाई, तेबी ठाऊक न्हाई. आणि काकूचं जे गेलंय, ते आता परत यायचं न्हाई."

खुंटच वाळला तर कलम भरायचं कशावर, हे मदनला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं बॅग उचलून आत नेली.

अंधार पडला तशी त्रिशला रडायला लागली. मदननं दूधभात कालवला आणि तिच्यासमोर बसला. हा घास भरवायचा म्हणजे हिशेब मागायला ती आता कधीच परत येणार नाही, हे कबूल करायचं. त्यानं घास तिच्या ओठांशी नेला.

ती थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि कित्येक महिन्यांनी तिनं नवऱ्याला हाक मारली, "आवं, दिस बुडला का?"

मदननं उठून खिडकी लावून घेतली.

"न्हाई," तो म्हणाला, "हाय अजून."

तिनं विश्वासानं तोंड उघडलं.