काळी आजारी नव्हती

“नीट धर ना. तुमच्या लोकांना सवय असते याची,” बाई म्हणाल्या आणि रुमाल नाकाला लावून व्हरांड्यात गेल्या.

माझ्या मांडीवर कुत्रं गार पडत होतं. डॉक्टर सुई काढत होते.  

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तो प्राण्यांचा आश्रम होता. बाई तिथल्या विश्वस्त. नव्वदच्या दशकाची अखेर. बी.ए. झालो होतो, कारकून म्हणून लागलो. पण दुपारचा भात मीच घालायचो, त्यामुळे कुत्री मला ओळखायची. मुसकं न बांधता धरू द्यायची. म्हणून सुईच्या दिवशी मला हाक. मग मेलेलं ओढून मागच्या खड्ड्यात टाकायचं, तेही माझ्याकडेच आलं. आधी सडलेल्या जखमांची, कंबर मोडलेली असायची. त्यांची ती खरंच सुटका होती. पुढे जागा अपुरी पडली. धडधाकटही जाऊ लागली. बाई त्याला मुक्ती म्हणायच्या.

बाईंचं ते वाक्य घरी सांगितलं. माझे वडील, आबा, भाकरी मोडत होते. बौद्ध झाल्यावर आमच्या वस्तीनं गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं. गावानं बोलणं टाकलं, काम देणं बंद केलं. तरी वस्ती वाकली नाही.

“आमी ढोरं सोडली,” आबा म्हणाले, “आन तू कुत्रे वढतोस? त्याच्यासाठी बी.ए. झालास रे?”



पुढच्या खेपेला काळी. हायवेवर ट्रकखाली एक पाय गेलेला, बाकी ठणठणीत. शेपूट हलवत आपणहून माझ्याजवळ आली.

“हिला काय झालंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“तीन पायांची कोण घरी नेणार? जागा हवीय.” मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “धर.”

“नाही धरणार.”

“काय?”

“ती आजारी नाही. मी धरणार नाही. ओढणारही नाही.”

“माज आलाय तुला!”

मी हात मागे घेतले. वाटलं, धरायला कोणी नसलं की थांबतील. थांबले नाहीत. ड्रायव्हरनं तारेचा फास आणला. काळी माझ्याकडे बघून ओरडत राहिली. माझ्या हातांत ती शांत गेली असती. 

संध्याकाळी तिला उचललं. ओढलं नाही. कुंपणाबाहेर ऐनाच्या झाडाखाली पुरलं. कोणी सांगितलं नव्हतं.

नोकरी गेली. रविवारी देणगीदारांच्या मोटारी आल्या, तेव्हा मी फाटकाबाहेर उभा होतो. पहिल्यानं काच खाली केली.

“काय पाहिजे?”

“काही नको. इथे एक चांगली कुत्री मारली. कुठे पुरली ते दाखवतो. उतरा.”

काच वर गेली. मागून दुसरी मोटार येत होती.

मी सरकून फाटकाच्या मधोमध उभा राहिलो.